तरसाचं श्राद्ध

चामराजपेट, बेंगळूरु
जानेवारी १९९७

प्रिय वाणी,

तुझं पत्र मिळालं. पानंच्या पानं लिहिलीस. त्यातलं निम्मं मला कळलं नाही, आणि कळलं ते एका ओळीत मावलं असतं: श्रीरंगपट्टणला कावेरीत आम्ही सोडल्या त्या अस्थी तुझ्या अप्पाच्या नव्हत्या, तरसाच्या होत्या. हे पहिल्या ओळीत लिहायचं. हवापाणी, मेसचं जेवण, तुझे सर किती हुशार, हे सगळं नंतर. पुण्याला जुनी हाडं ओळखायला शिकायला गेलीस आणि फिरवून बोलायला शिकलीस. माझं अक्षर वेडंवाकडं आहे, शाळा मी नावापुरती बघितली, तेव्हा तिथल्या मैत्रिणींना दाखवून हसू नकोस.

तू विचारलंस की अप्पाच्या हाडाला कधी काही झालं होतं का, दातात काही भरलं होतं का. म्हणजे पुढच्या महिन्यात अप्पा गेला त्या गुहेत आणखी आत खणाल तेव्हा माणसाचं काही निघालं तर ओळखता येईल. सांगावं की नाही ते माझं अजून ठरलेलं नाही. लिहीत जाते, लिहिता लिहिता ठरेल.

तू तेव्हा फ्रॉकमधली पोर, तुला कुणी धड काही सांगितलंच नाही. अप्पा दुकानाचा कडप्पा निवडायला कर्नूलकडं जायचा. फरशी टिचकी मारून घ्यायचा, वाजली नाही तर परत. खाणीवरची माणसं त्याला ‘पेद्दायन’ म्हणायची. तेलुगूत म्हणजे मोठा माणूस, मान देऊन म्हणतात तसं. तिथल्या चुनखडीच्या डोंगरात ती गुहा. आत देवाचा दगड आहे, आणि भिंतीतल्या तांबड्या मातीत जनावरांची हाडं रुतलेली. अप्पाला त्याचं भारी वेड. जेवताना तेच. आपल्या ओट्याच्या दगडाच्या पोटात अशी जनावरं झोपलीत, म्हणायचा. मी म्हणायची, झोपू देत, तुम्ही आधी ताटातलं संपवा. त्या खेपेला पाऊस वर कुठं तरी झाला आणि पाणी गुहेत शिरलं. तोंडाशी त्याच्या चपला मिळाल्या. आत देव, म्हणून काढून ठेवल्या असणार. माणसं आत गेली, पण पुढं सगळा चिखल. चिखलाचा दगड होईपर्यंत कोण थांबणार?

उन्हाळ्यात खाणीवरून निरोप आला, तुझे सुब्बाकाका गेले आणि बोचकं घेऊन आले. अस्थी घरात आणत नाहीत म्हणून मागच्या अंगणात शेवग्याला टांगलं. मला बघू दिलं नाही. बायकोनं बघू नये म्हणाले. कुठल्या शास्त्रात आहे ते विचारायची अक्कल तेव्हा नव्हती. पण भांडी घासायची जागा त्याच झाडाखाली, तिथून मला कोण हलवणार? भांडी घासता घासता मी त्या बोचक्याला वाट्टेल ते बोलले. दगड बघायला गेलात ना, मग गुहेत कशाला तडमडलात? पोरीचं कोण बघणार? दुकान कोण बघणार, मी? वाऱ्यानं बोचकं हलायचं, मला वाटायचं ऐकतोय. आता कळलं, कुणा मेल्या तरसाला मी एवढं सुनावलं. त्याला कन्नडही येत नसेल, मराठी कुठली.

दहाव्याला पिंड ठेवला न ठेवला तोच कावळा शिवला. सगळी माणसं खूश. गुरुजी म्हणाले, कसलीच इच्छा मागे राहिली नाही, सुटला. वाणी, ते ऐकलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली ती इतकी वर्षं उतरली नाही. अकरा वर्षांची पोर मागे ठेवून गेलेल्या माणसाची काहीच इच्छा नाही? लोकांच्या नवऱ्यांना जिलबी कबूल करावी लागते, पोरीच्या लग्नाचा शब्द द्यावा लागतो. माझ्याला काहीच नको? दरवर्षी पक्षाला पान वाढताना मी भात जरा आपटूनच वाढायची. तुझं पत्र वाचल्यावर पहिलं काय वाटलं सांगू? तरसाला कशाला इच्छा असेल! म्हणजे अप्पाची असेल. राहिली असेल. त्या रात्री मी चांगली रडले, आणि सकाळी राग शोधला तर सापडेना.

आता हे कसं झालं ते ऐक. दोष कुणाचा नाही. तू लिहिलंस ना, तिथली माणसं गुहेतल्या हाडांना पिढ्यानपिढ्या ‘पेद्द एमुकलु’ म्हणतात, मोठी हाडं. ते मी सुब्बाकाकांना वाचून दाखवलं. ते तसेच फरशीच्या थप्पीवर बसले. म्हणाले, वहिनी, मला ‘पेद्दायन एमुकलु’ असं ऐकू आलं हो. मोठी हाडं निघाली, घेऊन जा, म्हणत होते ते. मी ऐकलं पेद्दायनाची हाडं. काकांचं तेलुगू दुकानापुरतं, आणि कान भावासाठी टवकारलेले. दुसरं काय ऐकणार? दुकानातच रडायला लागले. मी म्हटलं, अण्णा, स्वल्प थांबा, गिऱ्हाईक उभं आहे.

तुझ्या आजीचं निराळंच. त्या बोचक्यातला एक दात काशीला न्यायचा म्हणून तिनंच मागे ठेवला होता. तोच दात दिवाळीला तू सरांना दाखवायला नेलास, आणि आता तीच म्हणते, बघ, माझा वासू मेलाच नाही. कुंकवाचा करंडा माझ्यापुढं सरकवला. लाव म्हणाली. मी लावलं. म्हातारीशी भांडण नको म्हणून लावलं, असं सगळ्यांना सांगते. बाजारात बायका आधी कपाळाकडं बघतात, मग भाजीकडं. आजी दाराला कडी लावू देत नाही. फाटक वाजलं की हात धुवायला पाणी काढते. मी दुकानाचं सगळं बघते, मला कशाची भीती नाही, पण हल्ली दिवसाउजेडीसुद्धा त्या उघड्या दाराकडं पाठ करून बसवत नाही. कधी वाटतं तो येईल आणि विचारेल, माझ्या खुर्चीत तू कशी? कधी वाटतं दुसरंच कुणी तरी आत येऊन पानावर बसेल, सवयीनं. दरवर्षी वाढत होतो त्याला. वडे, खीर, अळूची भाजी, सगळं. तरस जेवून जात होतं आणि अप्पा तिथं चिखलात उपाशी. घास घेताना हे मनात येतं आणि हात थांबतो. मला स्वप्नंबिप्नं पडत नाहीत, तुला माहीत आहे. हे मी जागेपणी सांगते.

मला विचारशील तर तो जिवंत नाही. नव्या चपला तिथं सोडून तो पळून जाणारा नव्हे, त्यापेक्षा मला सोडून गेला असता. पण मेला, असं तरी कशावरून म्हणू? ज्यावरून म्हणत होते ते नदीत गेलं, आणि ते त्याचं नव्हतंच. कपाळाला हात जातो, पुसायला की लावायला तेच कळत नाही. असं मधे लटकून राहणं मला जमत नाही, वाणी. आजीला जमतं.

तर सरी, बरं, ठरलं. लिहून घे. तुझ्या जन्माच्या आधी म्हैसूर रोडला त्याची स्कूटर घसरली होती. डाव्या नडगीत पोलादी पट्टी बसवलेली आहे, स्क्रूसकट. काकांच्या बोचक्यात ती नव्हती, वाहून गेली असेल म्हणून आम्ही गप्प बसलो. पण हे मी तुला खणायला सोपं जावं म्हणून सांगत नाही. मी येते आहे. दुकान काका बघतील. बाहेरच्यांना गुहेत सोडत नाही, असं तुझे सर म्हणतील. त्यांना सांग, तुमच्या तरसाचं इतकी वर्षं श्राद्ध घातलंय हिनं, बाहेरची कशी? मी तोंडाशी बसून राहीन, मधे मधे करणार नाही. पट्टीचं हाड निघालं तर त्याच्यावर तुमचा शाईचा नंबर घालायच्या आधी मला हाक मार. या वेळी मी बघणार, हातात घेऊन. तो असला तर तिथंच कुंकू पुसते आणि त्याची काय इच्छा राहिली ते विचारते. नसला तर घरी येते आणि तुझ्या आजीशेजारी बसते, दाराकडं तोंड करून.

तुझीच, वाट बघणं न जमणारी
आई