नायिकेचा चष्मा

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार, कंबर वाकेल तितका वाकून. तुझा गुडघा आता जिने चढू देतो का? भाऊजींचा खोकला थांबला असेल, आणि नसेल तर निदान त्यांनी औषध कुंडीत ओतणं तरी थांबवलं असेल. मी ठणठणीत. डोळ्यांचं तर विचारूच नकोस. परवाच दुकानातल्या तक्त्यावर स्वतःचे तपासले, शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचलं (तक्ता मला पाठ आहे, पण त्याचा इथे संबंध नाही).

तू फोनवर म्हणालीस की पन्नाशीला आलास, आता तरी ग्रंथपालबाईंना लग्नाचं विचारून टाक. विचारलं. त्या लाजल्या नाहीत की रागावल्या नाहीत. टेबलावरची एक प्रेमकादंबरी पुढे सरकवली आणि म्हणाल्या, ही वाचा, मग बोलू. कादंबरी उशीएवढी जाड, आणि छपाई म्हणजे नुसत्या मुंग्या. प्रकाशकाने शाई वाचवलेली दिसते. पुस्तक लांब धरत गेलो, पण हात अपुरे पडले. शेवटी त्याच कादंबरीची चित्रकथा मिळाली, टपोऱ्या अक्षरांची, ती एका बैठकीत संपवली.

ताई, खरं सांगतो, चित्रकथाच सरस. कादंबरीत (हे मागून कळलं) नायक बेल वाजवावी की नाही या विचारात अख्खं प्रकरण दाराशी उभा राहतो. चित्रकार त्याला एका चौकटीत उभा करतो आणि दुसरीत दार उघडतो. उसासे ठिपक्यांवर भागवले आहेत. खलनायकाला मिशी दिल्यामुळे तो लगेच ओळखू येतो. कादंबरीत म्हणे तो शेवटापर्यंत सज्जन वाटतो. वाचकाला असं ताटकळत ठेवणं मला पटत नाही. आणि नायिकेचे डोळे तर पानभर. तेच मला भोवले.

बाईंनी विचारलं, नायिकेचं काय आवडलं? मी म्हणालो, डोळे. चष्म्याआड दडलेले नाहीत, असा मोकळा चेहरा बघायला बरं वाटतं (धंद्याचं नुकसान सोसून मी हे प्रामाणिक मत दिलं). बाईंनी स्वतःचा चष्मा काढला, पुसला, परत घातला. जाड भिंगांचा, मीच बनवून दिलेला. मग शांतपणे सांगितलं की कादंबरीतल्या नायिकेला पहिल्या पानापासून चष्मा आहे, आणि नायक तिच्या प्रेमात पडतो तो चष्म्यासकट. तुम्ही काय वाचलंत ते कळलं, म्हणाल्या, आणि पुढचं पुस्तक नोंदवायला घेतलं. तेव्हापासून मला जेवण जात नाही. मला त्या फार आवडतात, ताई. एका चित्रकाराच्या आळसापायी माझा संसार मांडण्याआधीच मोडायला आला आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. तुझा वाचायचा जुना चष्मा पडून असेल तर पाठव. मूळ कादंबरी वाचायचीच असं ठरवलंय. गरज मला नाही, त्या छपाईला आहे. दुकानात भिंतभर चष्मे आहेत हे खरं, पण त्यातला एक जरी नाकावर चढवला तरी समोरचा शिंपी गावभर सांगत सुटेल.

ता. क. २. चष्मा पाठवू नकोस. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून डोळे तपासायची फ्रेम नाकावर ठेवून कादंबरी उघडली, तेवढ्यात बाई आत आल्या. पळायला जागा नव्हती. त्यांनी मला तक्त्याकडे पाठ करून बसवलं, कादंबरी हातात दिली आणि एकेक भिंग बदलत विचारू लागल्या, "हे बरं, की आधीचं?" आयुष्यभर हे मी लोकांना विचारत आलो, मला कधी कुणी विचारलं नव्हतं. नेमकं भिंग लागलं तेव्हा त्या वाकलेल्याच होत्या, त्यामुळे आधी दिसला तो त्यांचा चष्मा.

"तुमची उजवी काडी वाकलीये," मी म्हणालो.

"केव्हाची," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कधी दिसतंय याची वाट बघत होते."

काडी सरळ करून दिली. मग त्या हो म्हणाल्या.

ता. क. ३. नवा चष्मा लावून वरचं पत्र वाचून पाहिलं. एका पानावर जेमतेम चार ओळी मावल्या आहेत. गेली काही वर्षं तुला माझी पत्रं अशीच येत असणार. तू कधी बोलली नाहीस. घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं का?