डावीकडचा आवाज

लॉन्सेस्टन,
९ फेब्रुवारी

प्रिय डेरेक,

तुझे पाचही स्पीकर काल शेजारच्या क्लाइव्हला देऊन टाकले. न्यायला आला तेव्हा त्याने विचारलं, “डेरेकने आवाज नीट जुळवलेत ना?” म्हटलं, अगदी मापात आहेत.

तो रविवार तुला आठवत असेल. तू मला सोफ्यावरून उठवलंस आणि माझ्या जागी, माझ्या कानांच्या उंचीवर, तिकाटण्यावर ते आवाज मोजायचं मीटर उभं केलंस. एकेका स्पीकरमधून शूं असा आवाज सोडायचास आणि काटा पंचाहत्तरवर येईपर्यंत कमीजास्त करायचास. दुपार त्यातच गेली. मग मला बसवून विचारलंस, “कसं वाटतंय?” मी म्हटलं, डावीकडचा कमी येतोय. तू पुन्हा मोजलंस. पंचाहत्तर. मी पुन्हा तेच म्हटलं, तर म्हणालास, “रोझ, यंत्राला तुझ्याशी भांडायचं नसतं.”

पुढच्या आठवड्यात तू कामावर असताना मी डावा स्पीकर चार अंकांनी वाढवला. नाताळात सगळे क्रिकेट बघायला जमले होते, तेव्हा ते तुझ्या लक्षात आलं. हातात बिअर घेऊन तू सगळ्यांना सांगितलंस, “हिचे कान हिच्या आईवर गेलेत. सोयीचं तेवढंच ऐकतात.” सगळे हसले. मीही हसले. दुसऱ्या दिवशी तू स्पीकरचा आवाज कमीजास्त करायच्या यंत्राला पासवर्ड घातलास.

मीटर बरोबरच होतं. दोन्हीकडून आवाज सारखाच येत होता. मग कमी कुठे पडतोय, हा प्रश्न आपल्या दोघांनाही पडला नाही. तुझं मी समजू शकते, तू जिंकला होतास. माझं मलाच कळत नाही. कानात सारखी शिट्टी वाजायची, गॉर्जच्या दरीतल्या पायऱ्यांवर दोनदा तोल गेला, तरी मी गप्प. पुन्हा कुणी हसायला नको होतं.

नंतरच्या हिवाळ्यात तू डेव्हनपोर्टला लोरेनकडे राहायला गेलास. दारात म्हणालास, “दहा हाका मारल्या तरी तुझी मान वळत नाही. भिंतीशी किती दिवस संसार करायचा?” त्यातल्या नऊ हाका मला ऐकूच आल्या नव्हत्या. पण त्या वेळी मलाही वाटलं, मीच मुद्दाम असं वागते की काय.

तू गेल्यावर दोन वर्षांनी, गेल्या नोव्हेंबरमध्ये, होबार्टला माझं ऑपरेशन झालं. ऐकण्याच्या नसेवर गाठ होती, कॅन्सरची नव्हती. सर्जन बाई भली होती. म्हणाली, “दोन-तीन वर्षं आधी आला असतात, तर कान वाचवायचा प्रयत्न करता आला असता.” आता डाव्या कानाने काहीच ऐकू येत नाही. हसताना ओठाची ती बाजूही जरा मागे राहते. तुला कळवायचं नाही, अशी आपल्या टेगनला मीच शपथ घातली होती.

पण आता तिच्या लग्नात आपण समोरासमोर येणार, म्हणून हे लिहिते आहे. परवा ती पाहुण्यांच्या जागा ठरवत होती. चाचरत म्हणाली, “आई, मुख्य टेबलावर बाबा तुझ्या शेजारी आले तर चालेल?” मी म्हटलं, चालेल, फक्त त्यांना माझ्या डाव्या हाताला बसव. तेव्हा त्या दिवशी तू काही बोललास आणि मी उत्तर दिलं नाही, तर मी रुसले आहे असं समजू नकोस. हवं तेवढं बोल.

एके काळची तुझीच,
रोझलिन