घराण्यात नसलेली हनुवटी

१२ नोव्हेंबर, बुधवार

हनुवटी! सगळं सोडून हनुवटी!

शाळेतून आले, चप्पल काढतेय तोवर आई म्हणाली, "बस जरा. ऋतुराजच्या आईचा निरोप आलाय." मला वाटलं बस्त्याचं असेल, गुलमंडीला कधी जायचं वगैरे. तर नाही. मुलगी पसंत आहे, शिक्षण पसंत आहे, नोकरी पसंत आहे — पण मुलीला हनुवटी नाही! साखरपुड्याचा अल्बम बघितला म्हणे त्यांनी. बाजूनं काढलेल्या फोटोत ओठाखालून थेट गळाच सुरू होतो. "आमच्या घराण्यात असं कुणाचं नाही. उद्या पोराबाळांवर येईल." तेव्हा लग्नाआधी काहीतरी करून घ्या.

साखरपुड्याला पाचशे माणूस जेवून गेलं. तेव्हा माझं तोंड काय मी घरी ठेवून आले होते?

"मी ऋतुराजलाच विचारते," म्हटलं तर आई एकदम घाबरली. "त्याला मधी घेऊ नको. आई आणि बायकोच्या मधी सापडलं की पोराचा भुगा होतो. पहिल्याच पायरीला ठेच नको, दीपा."

नाही विचारलं. रडलेही नाही. पोळ्या मात्र केल्या नाहीत.

१३ नोव्हेंबर

आरशासमोर मान वळवून वळवून लचक भरली. अठ्ठावीस वर्षं हा चेहरा घेऊन हिंडतेय, बाजूनं कधी बघितलाच नव्हता.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आईनं क्लिनिकची वेळ आधीच घेऊन ठेवली होती. बाबांना सांगितलं, दाताच्या डॉक्टरकडे जातोय.

डॉक्टर मॅडम बऱ्या वाटल्या. माझा गळा चिमटीत धरून बघितला, दात मिटायला लावले, मान वर-खाली करायला लावली. मग सांगत बसल्या — जबड्याची कड दिसत नाही त्याला कारणं बरीच. कुणाच्या हनुवटीखाली चरबी साठते, कुणाचं वजन वाढलेलं असतं, कुणाला थायरॉईडची सूज, वय झालं की कातडी सैल पडते. दिवसभर मोबाईलमध्ये मान घालून बसलं की आहे त्याहून वाईट दिसतं. "तुमचं यातलं काहीच नाही. तुमचं खालचं हाडच जरा आखूड आहे, मागं आहे. जन्माचं. हा आजार नाही."

उपायही सांगितले. चरबी असेल तर ती वितळवायचं इंजेक्शन. कातडी घट्ट करायचं मशीन. धागे घालून ओढून घेणं. पण या सगळ्याचा मला उपयोग नाही, कारण हाडच कमी. माझ्यासाठी दोनच — ऑपरेशन करून हनुवटीत तुकडा बसवायचा, नाहीतर फिलर. फिलर म्हणजे जेल, सुईनं भरायचं. वर्ष-दीड वर्ष टिकतं, मग हळूहळू जिरतं. नको वाटलं तर विरघळवताही येतं.

आईनं विचारलं, "मग पोराबाळांवर तर येणार नाही ना?"

मॅडमना हसू आवरेना. "अहो काकू, हाड येईल. जेल कसं येईल?"

नववीच्या मुलांना आनुवंशिकता शिकवते मी! आणि माझी आई भर क्लिनिकमध्ये हे विचारते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मॅडमनी माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्हाला स्वतःला करायचंय का?" मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "करायचंय."

१७ नोव्हेंबर

सुमय्याला, शाळेतल्या माझ्या मैत्रिणीला, मधल्या सुट्टीत सांगितलं. तिनं डबाच बंद केला. "किसने बोला गे तेरे कू? अच्छी खासी तो है!" मग म्हणाली, "सीधा पूछ ना उसको." तिला कसं सांगू, आमच्यात सरळ कुणी कुणाला विचारत नाही. निरोप येतात, निरोप जातात.

२२ नोव्हेंबर, शनिवार

झालं. बधिर करायचं मलम लावलं होतं तरी सुई कळतेच. हनुवटीच्या टोकाला, मग दोन्ही बाजूंनी कडेकडेनं. आतून ढकलल्यासारखं वाटतं. आई बाहेर जप करत होती!

२३ नोव्हेंबर

सुजलंय. डावीकडे जांभळा डाग. हनुवटी नव्हती ती एकदम दीड झाली.

आई पेज भरवते. चमच्यानं, फुंकर मारून, लहानपणी भरवायची तशी. जवळच गादी टाकून झोपली. कूस बदलली की विचारते, "दुखतंय का गं?" कितीही राग आला तरी शेवटी आईच लागते. दुसऱ्या कुणाला पडलंय?

२६ नोव्हेंबर

सूज उतरली. शाळेत शिंदे मॅडम म्हणाल्या, "बारीक झालीस का?" म्हणजे दिसतंय. आरशात बघितलं तर — खोटं कशाला लिहू — छान दिसतंय. आणि छान दिसतंय याचाच राग येतोय.

३ डिसेंबर, बुधवार

ऋतुराज वाळूजहून कंपनी सुटल्यावर भेटायला आला. छावणीत चहा घेतला. बघतच राहिला माझ्याकडे. मी म्हटलं, "आवडलं का?" तो दाढी कुरवाळत बसला — भरघोस दाढी आहे त्याची, दर आठवड्याला नीट कातरून घेतो. मग म्हणाला, "तुला आवडलं ना? मग झालं."

एवढंच! ज्यांच्यासाठी सुया टोचून घेतल्या त्यांच्या तोंडून धड शब्दही निघू नये?

९ डिसेंबर

ऋतुराजचे आजोबा गेले. नानासाहेब. सकाळीच त्यांच्या गावाहून, पिशोरहून फोन आला. साखरपुड्याला तेच सगळ्यांत जास्त नाचले होते. वाईट वाटलं.

१८ डिसेंबर, गुरुवार

आज दहावा होता. आई-बाबा आणि मी पिशोरला गेलो. लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

नदीवर सगळी भाऊकी उकिडवी बसलेली, न्हावी एकेकाला हातावेगळं करत होता. ऋतुराजनं नुसतं डोकं पुढं केलं. तर त्याचे चुलते, कारभारी, ओरडले, "दाढी कुणासाठी ठिवली रं? अर्धं सुतक पाळतो व्हय? काढ समदं!" न्हाव्यानं वस्तरा फिरवला.

तो वळला. मी ओळखलंच नाही.

हनुवटी नव्हती! ओठाखालून थेट गळा! माझी आधीची तरी बरी म्हणावी. मग मी रांगच बघत गेले. त्याचे वडील. कारभारीकाका. दोघं चुलतभाऊ. पुण्याहून आलेले एक इंजिनीअर भाऊबंद. गोटा केलेली, मिशा काढलेली एवढी सगळी माणसं — आणि एकालाही हनुवटी नाही! दाढीमिशांखाली अख्खं घराणं लपलेलं.

दहाव्याच्या ठिकाणी हसू येतं का कुणाला? मला आलं. तोंडात पदर कोंबला. लोकांना वाटलं पोरीला नानासाहेबांचं लई लागलं.

आणि मग हसू गेलं ते गेलंच. "आमच्या घराण्यात असं कुणाचं नाही." माझ्या चेहऱ्यात सुया घातल्या यांनी! त्यांच्या बायकांनी ते वाक्य म्हणावं, आणि मी मुकाट्यानं टोचून घ्यावं! ऋतुराजच्या आई जेवताना पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "पोटभर जेव गं माय." मी ताट तसंच सारलं. कसला हा निगरगट्टपणा!

गाडीत आई खिडकीकडे तोंड करून बसली होती.

१९ डिसेंबर

सुतकात नको होतं, पण राहवलं नाही. फोन केला. म्हटलं, "तुमच्या घराण्यात असं कुणाचं नाही, हो ना?"

"काय नाही?"

"हनुवटी! तुमच्या आईंनी निरोप धाडला होता ना — पोराबाळांवर येईल म्हणून?"

"आई असं म्हणायची नाय, दीपा. तू ऐक तरी —"

"मग काय मी उठून हौसेनं टोचून घेतलं? तुम्हाला दाढी आहे म्हणून तुमचं झाकून जातं!"

"अगं, तू घरी नीट विचार —"

घरी! स्वतःच्या आईला झाकायला माझ्या घरावर घसरला. फोन ठेवला. नंबर ब्लॉक केला. उलटा चोर कोतवाल को डांटे!

२३ डिसेंबर, मंगळवार

तेरावा होऊन दोन दिवस झाले. बाबांना सगळं सांगितलं. दाताचं खोटं, फिलरचं खरं, सगळं. बाबा म्हणाले, "मला कुणी विचारलं पण नाय." आणि लग्न जुळवणाऱ्या साळूबाईंना फोन लावून सांगितलं — आमच्याकडून नाही.

आई ढसाढसा रडली. "मोडू नका. मी जाऊन बोलते त्यांच्याशी. मी मिटवते." मी म्हटलं, "तू कशाला त्यांच्या पाया पडतेस? तू काय केलंस?" तर आणखीच रडायला लागली. जवळ घेतलं तिला. लग्न मोडलेली मी, आणि समजूत मीच घालतेय!

२५ डिसेंबर

सुमय्यानं शीरखुर्मा आणला. ईद नसताना! म्हणाली, "तू बची गे." बरं वाटलं. आज बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

आईला ताप आहे. दोन दिवस अंथरुणातच.

२८ डिसेंबर, रविवार

ऋतुराजच्या आई आल्या. एकट्याच, न कळवता. अंगठी न्यायला आल्या असतील म्हणून डबी आणून समोर ठेवली. त्यांनी हातही लावला नाही.

"पोरी, म्या कसलाच निरोप धाडला नव्हता. कशाला धाडीन? तुला पयल्यांदा बघितलं तवाच ह्यांना म्हणलं, ही तर आपल्याच घरातली दिसती. मला तर तुझा त्योच चेहरा आवडला होता."

आई चहा घेऊन दारातच थांबली होती.

त्या गेल्यावर विचारलं. आई कप विसळत राहिली. मग म्हणाली, "त्यांनी खोड काढायच्या आत आपणच नीट केलेलं बरं, असं वाटलं मला."