अस्सल स्थानिक येथेच मिळतील

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींनी विणलेला स्वेटर मिळाला. त्यात मी आणि आई एकाच वेळी मावतो, तेव्हा आभार दोघींचे. इकडे सर्व क्षेम आहे असे लिहायचे असते म्हणून लिहिले. खरी परिस्थिती खाली देत आहे.

समोरचा चुंबकवाला (फ्रिजला चिकटवायची डोंगराची चित्रे विकतो, तो) दुकान मागतो आहे तर तुझे बाबा देऊन मोकळे का होत नाहीत, असे तुम्ही विचारलेत. मामा, त्याला कारण मी. पदवी घेऊन घरी आले त्याच आठवड्यात मी प्रतिज्ञा केली, की जे लागेल ते गावातच घ्यायचे, फोनवरून काही मागवायचे नाही. पहिल्याच दिवशी एक साधे बटण हवे होते. मुख्य रस्त्यावरची एकोणीस दुकाने पालथी घातली. अठरा दुकानांत लोकरी टोप्या, कोरीव काठ्या आणि 'मी या उंचीवर आलो होतो' असे छापलेले कप होते. (मी या उंचीवर जन्मले, पण तसा कप कोणी काढलेला नाही.) बटण मिळाले ते एकोणिसाव्या दुकानात, म्हणजे आपल्याच. खिळे, बादल्या, नळाचे वॉशर, कुकरच्या रिंगा. माणसाला जगायला जे लागते ते या गावात फक्त बाबांकडे आहे, हे पाहून माझा ऊर भरून आला आणि मी बाबांना म्हटले, हे दुकान मी वाचवीन. तिथेच घात झाला.

वाचवायचे म्हणजे आधी पाटी हवी. मी मजकूर केला : 'स्थानिकांना रोज लागणाऱ्या अस्सल वस्तू येथेच मिळतील'. रंगारीकाका म्हणाले, "पोरी, एवढा निबंध या फळीवर मावायचा नाही. काहीतरी गाळ." मी मराठी घेऊन पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेली. कमी शब्दांत जास्त आशय, हे आमच्या सरांचे ब्रीद. काटछाट करून मी दिले ते असे : 'अस्सल स्थानिक येथेच मिळतील'. तीनदा वाचून पाहिले. शुद्धलेखन निर्दोष होते.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसमधून उतरलेल्या एका बाईंनी बाबांना नखशिखान्त न्याहाळले आणि विचारले, "तुम्हीच का ते?"

"कोण ते?"

"अस्सल!" असे म्हणून त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात टाकला आणि फोटो काढून घेतला. दुपारपर्यंत बाहेर रांग लागली. मामा, बाबा तीस वर्षे त्या स्टुलावर बसताहेत, पण 'जरा हसा' असे त्यांना आजवर कोणी म्हटले नव्हते. तिसऱ्या दिवसापासून ते लोकरी टोपी घालून आणि दाढी न करता बसू लागले (दाढी केली की माणूस कमी स्थानिक दिसतो, असा त्यांचा अभ्यास). स्थानिकाची बायको चालेल का, असे आई आडून आडून विचारू लागली. एका तरुणीने कुकरची रिंग मनगटात चढवून, ही इथली पारंपरिक बांगडी का, असे विचारले. मी खरे सांगायला तोंड उघडते तोवर बाबा, "फार जुनी," असे म्हणून गेले होते. संध्याकाळपर्यंत रिंगा संपल्या. नरसाळी टोप्या म्हणून गेली.

आठव्या दिवशी खालच्या गल्लीतली शिवणवाली मावशी आली. तिचा नळ गळत होता. रांगेतल्यांनी तिला मागे सारले. "अहो, मला स्थानिक नकोय, वॉशर हवाय!" असे ती दोनदा ओरडली आणि निघून गेली. बाबांनी तिला पाठमोरी पाहिले. टोपी काढली, वॉशर उचलला आणि एक अख्खे कुटुंब फोटोसाठी हसत उभे असताना ते उतारावरून तिच्यामागे धावत सुटले. दीड तासाने परत आले ते भिजलेल्या बाह्यांनी. म्हणाले, "ती फळी उतरव. मी वॉशर विकणारा माणूस आहे."

फळी उतरवली. तेव्हापासून दुकानात चिटपाखरू नाही. मावशीसुद्धा नाही, कारण तिचा नळ आता गळत नाही. पुढच्या सोमवारी चुंबकवाला उत्तर मागायला येणार आहे. मी पार खचले आहे.

तुमची (पदवीधर असूनही) लाडकी भाची

ता. क. : मामींना सांगून कुकरच्या दोन रिंगा पाठवाव्यात. विकण्याच्या भरात आमची घरातलीही गेली. प्रतिज्ञा गावातच घेण्याची आहे, पण गावात त्या आम्हीच विकतो आणि आम्ही त्या विकून टाकल्या. खोक्यावर 'पुस्तके' असे लिहावे.

ता. क. २ : पत्राचे खरे कारण वर लिहायला धीर झाला नाही. तुमच्या कचेरीत माझ्यासाठी जागा पाहिल्याचे तुमचे पत्र बाबांनी वाचले आहे. घरातली पहिली पदवीधर खिळे तोलत बसायला नको, मी मोकळ्या मनाने जावे, म्हणून ते दुकान देऊन टाकायला निघाले आहेत. मला जायचे नाही, मामा. मला इथेच बसायचे आहे. पण हे मी म्हटले तर ते त्याला त्याग म्हणतील आणि मुळीच ऐकणार नाहीत. तेव्हा कचेरीच्या कागदावर, बाबांच्या नावे, मला नाकारल्याचे पत्र सोमवारच्या आत पोचेल असे टाका. कारण काय द्यावे असा प्रश्न पडला, तर 'उमेदवाराचे मराठी कच्चे आहे' असे लिहा. बाबांना लगेच पटेल.