दर्शनी भिंतीतली शेवटची कमान

मंगळवार, २१ फेब्रुवारी १९६१
दुपारचे साडेतीन. ओळंबा पुसून पेटीत ठेवला आणि लिहायला बसलो.

प्रिय ताई,

नमस्कार. बाबांचा गुडघा आता बरा आहे. आईने तुझ्यासाठी उशांचे अभ्रे शिवून ठेवलेत. भाऊजी उत्तम आहेत. ते नेहमीच उत्तम असतात.

खिडकी बसली.

आल्या दिवशी भाऊजींना घर मीच दाखवलं. पणजोबांनी ते राहायला कमी आणि गिऱ्हाइकांना दाखवायला जास्त बांधलं, म्हणून एक खिडकी दुसरीसारखी नाही: माजघराची चौकोनी, जिन्यावरची गोल, ओसरीची कमानीची. गिऱ्हाइकाने बोट दाखवायचं, पणजोबांनी तशी बांधून द्यायची. पुढे जो हा बांधकामाचा धंदा हाती घेईल त्याने घराला आपली एक खिडकी घालायची, हेही सांगितलं. आजोबांची दाखवली, बाबांची दाखवली. दर्शनी भिंतीतली विटांनी बुजवलेली शेवटची कमान तेवढी दाखवली नाही.

ती बाबांनी दाखवली. "जावईबापू, ही तुमची."

ताई, त्या कमानीसाठी मी शाळा सुटल्यापासून चित्रं काढतोय. बाबांना तसं म्हणालोही. ते म्हणाले, "तू मोजत बसतोस रे. भिंत फोडायची वेळ आली की तुझे हात गार पडतात."

भाऊजींनी एका सकाळीत कमान मोकळी केली, वर शीळ घालत. आई पदराने त्यांच्या कपाळावरची धूळ पुसायला धावली. माझ्या डोळ्यांत गेली होती, ती कोणाला दिसली नाही.

चौकटीचं माप घ्यायचं काम मात्र माझ्याकडे आलं. भाऊजी म्हणाले, "काय मोजपट्टी, तुझं माप म्हणजे डोळे मिटून घ्यायचं!" आणि त्यांनी खरंच डोळे मिटून घेतलं.

चौकट आली ती इंचभर अरुंद. मी म्हणालो, सुतार चुकला. सुतार म्हणाला, "मी? दिलं तेवढं कापलं, मालक!" भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मग बाजारात जाऊन काळं लाकूड आणलं आणि दोन्ही बाजूंना अर्ध्या अर्ध्या इंचाची पट्टी बसवली.

बाबांनी सांध्यावरून अंगठा फिरवला. "ही काळी किनार कोणाला सुचली?"

"मोजपट्टीला," भाऊजी म्हणाले.

बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मला आठवतं तसं पहिल्यांदाच, आणि तोही भाऊजींनी मिळवून दिलेला.

माझं माप चुकत नाही, हे तुला ठाऊक आहे. त्यावरून काय ते समज. त्यांनी तुला हे आधीच कळवलं असेल तर बरं. कळवलं नसेल तर मला त्यांचा आणखी राग येईल.

शनिवारी ते निघणार होते, पण बाबा त्यांना थांबवून घेतायत. तू बोलावून घे. काहीही कारण सांग. ते वाईट असते तर माझं निभलं असतं.

काळ्या लाकडाचे बारा आणि रंधा मारून घेतल्याचे तीन त्यांनी स्वतःच्या खिशातून घातले. पंधरा मी देणं लागतो. पैकी नऊ या पाकिटात आहेत, सहा राहिले. त्यांच्या हाती देऊ नकोस, हसून परत करतील. तू खर्चून टाक.

तुझा भाऊ,
बाबांचा एकुलता एक मुलगा