विनापास बाहेर गेलेलं पत्र

ती. ताईस,

कोपरापासून नमस्कार. (हे पाकीट ताईशिवाय दुसऱ्या कोणी उघडलं असेल तर त्याला नमस्कार नाही. त्याने पत्राची होती तशी घडी घालावी आणि पाकिटाच्या मागे आपलं नाव लिहावं.) तुझा गुडघा कसा आहे? मागच्या फोनवर डावा दुखतोय म्हणालीस आणि त्याच्या आधीच्या फोनवर उजवा. दोन्ही दुखत असतील तर तसं सांग, आणि एकच दुखत असेल तर कुठला ते एकदा नक्की कर, डॉक्टरला तू काय सांगितलंयस कोण जाणे. भावोजींना नमस्कार. ते अजून खिशात दोन रुमाल ठेवतात का? सहज विचारतोय. (सहज विचारत नाहीये. पुढे येईलच.) इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. म्हणजे ही माझ्याशी बोलत नाही, आणि कन्या बोलते ती फक्त जेवायला चला एवढंच, पण प्रकृती सगळ्यांच्या ठणठणीत आहेत.

तुला माहीतच आहे, चमच्यांच्या कारखान्याच्या फाटकावर तपासनीस म्हणून मी उमेदीची सगळी वर्षं घालवली. मोज्यांतून चमचे काढले, छत्रीतून डाव काढला, एकाच्या तर पायाच्या प्लास्टरमधून काट्यांचा अख्खा संच काढला (पाय धडधाकट होता). बाहेर जाणाऱ्या मालाला पास लागतो आणि पासवर साहेब लोकांच्या सह्या लागतात. सह्या नाहीत म्हणून मालकांच्या सासूबाईंचा जेवणाचा डबासुद्धा मी अडवलाय. आणि शेवटच्या वर्षी मालकांनी एकेक यंत्र 'दुरुस्तीसाठी' म्हणून बाहेर काढलं. पास होते. सह्या होत्या. मी प्रत्येक ट्रकच्या कागदावर शिक्का मारला आणि वर सलाम ठोकून सोडला. आत काहीच उरलं नाही तेव्हा मालक स्वतः बाहेर निघाले. त्यांच्या बॅगेचा पास नव्हता म्हणून मी त्यांना जरा वेळ उभं केलं, एवढंच काय ते माझ्या हातून झालं. लोक हसतात. हसू देत. पास बरोबर होते, हे मी आजही कोणालाही तोंडावर सांगेन.

तेव्हापासून मी घरी आहे आणि घर हिच्या शिलाई मशीनवर चाललंय. मशीन थांबलं की मला धास्ती वाटते आणि चालू असलं की लाज वाटते. अशात एक दिवस माझ्या चहाच्या कपाखाली पेपरातली एक जाहिरात कापून ठेवलेली सापडली. (कात्री हिची, कापणं कन्येचं. कडा वाकड्या होत्या त्यावरून ओळखलं.) एका मोठ्या धुलाई कंपनीला आवक-जावक तपासनीस हवा होता. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे धुवायला येतात. माझ्यासाठीच काढलेली जागा म्हणायची. पण मला पहिला प्रश्न पडला तो हा, की जागा रिकामी का झाली? आधीचा तपासनीस गेला कुठे, आणि जाताना त्याच्याबरोबर किती चादरी गेल्या?

त्यात खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, की बायोडेटासोबत स्वतःची ओळख करून देणारं पत्रही जोडावं. आता मला सांग, सगळी माहिती बायोडेटात असताना तीच पुन्हा पत्रात कशाला हवी? हा डाव मी लगेच ओळखला. संशयिताला एकच प्रश्न दोनदा विचारतात, दुसऱ्यांदा उत्तर बदलतं का ते बघायला. म्हणून मी बायोडेटाच जसाच्या तसा पत्रात उतरवून काढला, अगदी जन्मतारखेपासून रक्तगटापर्यंत. कन्या म्हणाली, अहो बाबा, हे तर तेच झालं. मी म्हटलं, मग जुळायला नको? ती आत जाऊन आईजवळ हसली. भिंती पातळ आहेत.

मग कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे तयार पत्रं मिळतात, वर नाव तेवढं आपलं घालायचं. पहिलंच वाक्य वाचलं, "मी उत्साही, मनमिळाऊ आणि हसतमुख व्यक्ती आहे." मनमिळाऊ तपासनीस! ताई, तपासनीस मनमिळाऊ झाला की गोदाम रिकामं झालंच म्हणून समज. आणि हसतमुख माणूस फाटकावर उभा केला तर लोक चमचे खिशात न घालता हातात घेऊनच बाहेर पडतील. बरं, तेच पत्र माझ्या डोळ्यांदेखत शेजारच्या गृहस्थांनी संगीत शिक्षकाच्या जागेसाठी विकत घेतलं. मी झेरॉक्सवाल्याला विचारलं, हे मूळ पत्र कोणाचं, आणि त्याला नोकरी लागली का? तो म्हणाला, काका, घ्यायचं असेल तर घ्या, मागे रांग आहे. म्हणजे लागली नसणार.

शेवटी मी स्वतःच्या मनाने लिहिलं. तुला पाठ म्हणून दाखवतो. "महोदय, सोबत बायोडेटा आहे. त्यात जे लिहिलंय ते खरं आहे. जे लिहिलेलं नाही ते समक्ष सांगेन, आपलं ओळखपत्र पाहिल्यावर. जागा रिकामी का झाली ते उलट टपाली कळवावं." नेमकं, मुद्देसूद, आणि त्यांच्या हाती नको ते काही लागणार नाही असं. कन्येने ते वाचून चष्मा काढला, पुसला, घातला आणि पुन्हा वाचलं. ही मशीनवरून न उठताच म्हणाली, "अहो, नोकरी मागताय की त्यांना अटक करताय?" मी दुर्लक्ष केलं. पत्र पाकिटात घातलं, चिकटवलेल्या जागेवर आडवी सही केली आणि स्वतः नेऊन द्यायला गेलो. तर कंपनीच्या फाटकावरचा माणूस मला आत सोडेना. पास नाही म्हणाला. ताई, त्या क्षणी मला ती कंपनी मनापासून आवडली. त्याने सांगितलं की अर्ज फक्त कंप्युटरवरून घेतात, आणि माझ्याकडे असं बघितलं जसं मी लोकांकडे बघतो.

म्हणजे आता कन्येच्या हातात जाणं आलं. मी तिच्या मागे खुर्ची टाकून बसलो. ती म्हणाली, बाबा, जरा पाणी आणता? आणलं. (इथे मी चुकलो. फाटक सोडून पाण्याला जाणारा तपासनीस मी दुसरा पाहिलेला नाही.) परत येतो तर अर्ज गेलेला. पोच कुठाय म्हटलं, तर दोन मिनिटांत पोच आली, "आपला अर्ज मिळाला. कृपया या संदेशाला उत्तर देऊ नये." उत्तर देऊ नये? जो माणूस उत्तर नको म्हणतो त्याच्या मनात काहीतरी काळंबेरं असतं. मी कन्येकडून तिथल्या तिथे उत्तर पाठवून घेतलं, की का देऊ नये? त्याला पुन्हा तीच पोच आली. मी पुन्हा विचारलं. चौथ्या वेळेला कन्येने कंप्युटर बंद केला.

याच सुमाराला घरात संशयास्पद हालचाली वाढल्या होत्या. अर्ज जायच्या आदल्या दिवसापर्यंत ही स्वयंपाकघरात फोनवर हळू आवाजात बोलत असायची, आणि मी गेलो की मोठ्याने, "नाही हो, त्या नावाचं इथे कोणी राहत नाही," म्हणून फोन ठेवायची. कन्या काहीतरी लिहून घेताना दिसायची आणि मला पाहिलं की वही उलटी. मी निष्कर्ष काढला की माझ्या जागेवर मेहुण्याला चिकटवायचा बेत चाललाय. तो गेली कित्येक वर्षं नोकरीच्या शोधात आहे, आणि नोकरी त्याला टाळून दुसऱ्या रस्त्याने जाते. तसं मी हिला तोंडावर विचारलंही. ही म्हणाली, तुमच्यापेक्षा तो बरा, तो निदान हसतो तरी. बघ, पुन्हा तेच हसतमुख.

आणि एक दिवस मुलाखतीचं बोलावणं आलं. ही धावत जाऊन माझा शर्ट इस्त्री करायला लागली, ते पाहून मला मेहुण्याची शंका सोडावी लागली. कंपनीच्या व्यवस्थापक बाई टेबलामागे बसल्या होत्या, समोर कागद. म्हणाल्या, तुमचं पत्र आम्ही सगळ्यांनी वाचलं, मी तर घरीही वाचून दाखवलं. मी म्हटलं, चार ओळींचं? त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. पानभर मजकूर, खाली माझं नाव, आणि त्यातला एकही शब्द माझा नाही. मग त्या स्वतःच मोठ्याने वाचायला लागल्या:

"मी चमच्यांच्या कारखान्याच्या फाटकावर होतो. मोज्यांतले चमचे मी पकडले आणि पास असलेली यंत्रं मी सोडली. ते मला फार लागलं. आता मी पास बघतोच, पण माल नेणाऱ्याच्या तोंडाकडेही बघतो. माझी पहिली तपासणी मी लहानपणी केली. माझ्या बहिणीला बघायला आलेल्या माणसाचा कोट मी दारातच तपासला. खिशात दोन रुमाल निघाले. दोन कशाला म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, एक माझा, आणि तुझी बहीण घर सोडताना रडेल तेव्हा तिला एक लागेल. मी त्याला आत सोडलं. त्या मालाबद्दल आजवर एकही तक्रार आलेली नाही."

ताई, ते मला फार लागलं, हे मी हिलासुद्धा कधी बोललो नव्हतो. पण मी तपासनीस आहे. मी उभा राहिलो आणि म्हणालो, बाई, हे पत्र माझं नाही. त्यांनी विचारलं, मग कोणाचं? म्हटलं, माहीत नाही, माझ्या नावावर विनापास बाहेर पडलंय, माल जप्त करा. त्यांनी विचारलं, मजकूर खोटा आहे का? म्हटलं, मजकूर शब्दन् शब्द खरा आहे, तक्रार फक्त वाहतुकीबद्दल आहे. त्यावर बाई इतक्या हसल्या की त्यांना डोळे पुसावे लागले. (रुमाल एकच होता.) म्हणाल्या, स्वतःचाच अर्ज अडवणारा माणूस आम्हाला कुठून मिळणार, सोमवारपासून या. तर अशी हकीकत आहे. आनंदाची बातमी म्हणून सविस्तर कळवली. गुडघ्याला जप आणि भावोजींना पुन्हा नमस्कार सांग.

तुझा धाकटा
(सही पाकिटावरही आहे, जुळवून बघ.)

ता. क. सोमवार येऊन गेला आणि मी रुजू झालेलो नाही. मीच बाईंना म्हटलं, की ज्या पत्राचा लिहिणारा माहीत नाही ते माझ्या फायलीत राहता कामा नये, लिहिणाऱ्याची सही आणतो, मग येतो. त्या म्हणाल्या, अहो, गरज नाही. मी म्हटलं, गरज आहे, एकदा नुसत्या कागदावर विसंबून मी कारखाना घालवलाय. त्या म्हणाल्या, बरं, आठवडाभर जागा ठेवते. ही बोलत नाही ती यासाठी. तेव्हा 'ते पत्र मीच लिहिलं' असं तू एका ओळीत लिहून, खाली सही करून, ताबडतोब पाठव.

ता. क. दुसरा. नाकबूल करू नकोस. रुमालांची गोष्ट मी हिला किंवा कन्येला कधीच सांगितलेली नाही. शाळेत माझ्या रजेचे अर्ज तूच लिहायचीस. नुसत्या पोटदुखीचं तू असं काही वर्णन केलंस की गुरुजी मला बघायला घरी आले, आणि मी झाडावर सापडलो. तो हात मी ओळखतो. आणि कन्येने कोणाचं सांगणं वहीत उतरवून घेतलं आणि ही फोनवर कोणाशी बोलत होती, तेही आता कळलं.

ता. क. तिसरा. तरी खात्री करून घेतली, कारण रुमालांचं भावोजींनाही माहीत होतं. पण लग्न होऊन तू निघालीस तेव्हा तुझ्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. तू गाडीत बसून मजेत हात हलवत होतीस. भावोजी खाली उतरून मागे आले आणि तो दुसरा रुमाल त्यांनी दारात उभ्या असलेल्या मला दिला. त्यांनी पत्र लिहिलं असतं तर हे सगळ्यात आधी लिहिलं असतं. तू कंपनीला ते सांगितलं नाहीस, म्हणून सही तुझीच लागेल. रुमाल माझ्याकडेच आहे. भावोजींनी मागितला तर सांग, तो बाहेर सोडायला माझी सही लागते, आणि ती मी करणार नाही.