जुना सर्व्हर बंद करण्याआधी

प्रिय धम्मा,

सप्रेम जयभीम. फोनवर तू "मस्त चाललंय ताई" म्हणून मोकळा होतोस आणि मला पुढे काही बोलताच येत नाही, म्हणून यावेळी कागद घेतला. गल्लीतल्या विठ्ठलरावांचा जावई उद्या ट्रॅव्हल्सने पुण्याला निघालाय. त्याच्यासोबत द्यायला आईने तिखट आणि ज्वारीच्या पापड्या भरून ठेवल्यात, त्याच पिशवीत हे पत्र टाकतेय. पापड्यांवर तुटून पडण्याआधी वाच. लांबेल जरा. मी दमलेय, आणि दमले की मला थोडक्यात सांगता येत नाही.

आपल्या एसटीच्या वेळांच्या साइटचं, 'गाडी आली'चं, काय करायचं ते ठरवायची वेळ आलीय. होस्टिंगवाल्यांनी शेवटची नोटीस धाडली. तू कॉलेजच्या शेवटच्या वर्षात ही साइट लारावेल फ्रेमवर्कच्या ज्या आवृत्तीवर उभी केलीस, ती इतकी जुनी झालीय की तिला लागणारं जुनं पीएचपी होस्टिंगवाले या महिन्यानंतर चालवणार नाहीत. म्हणजे दोनच वाटा. एक तर तेच लारावेल एकेक आवृत्ती करत आजपर्यंत वर आणायचं, नाही तर सगळं मोडून नव्या फ्रेमवर्कमध्ये लिहायचं. नव्यासाठी पायल जँगो म्हणते. पायल म्हणजे मागच्या पावसाळ्यात ऑफिसात घेतलेली मुलगी, राळेगावची. हुशार आहे, फक्त बोलते फार. तिने तुझा कोड पहिल्यांदा उघडला तेव्हा खुर्चीवरून पडायची बाकी होती. सगळ्या फंक्शनांची नावं वऱ्हाडीत! चूक सापडली की जे चालतं त्याचं नाव तू 'कायले_रडतं' ठेवलंयस, आणि जे शेवटी सगळं आवरून घेतं त्याचं 'झालं_न_बे'. तिला हसू आवरेना. मीही हसले, आणि मग उगाच डोळ्यांत पाणी आलं. हल्ली येतं असं.

आधी मी वर चढवायच्याच बाजूने होते. चालू गोष्ट मोडायची कशाला? आईने तर एका वाक्यात निकाल दिला. फ्रेमवर्क म्हणजे घराचा सांगाडा असं तिला समजावून सांगितलं, तर म्हणाली, "चालून राह्यलं ना बाई, मंग कायले हात लावतं?" म्हणून पंधरवडाभर मी तेच करत बसले. एक आवृत्ती वर गेले की लॉगिन बंद. लॉगिन सुधारलं की मारेगावच्या गाड्या गायब. त्या आणल्या तर तू कुठून तरी उचललेलं एक पॅकेज, ज्याच्या मालकाने ते कधीच सोडून दिलंय, तेच अडून बसलं. दिवसभर आपल्या गिऱ्हाइकांची कामं, मंगल कार्यालयाची साइट, कोचिंग क्लासची साइट, आणि संध्याकाळी घरी यायला बाभुळगावची गाडी पकडण्याआधी हे. गाडीत बसले की झोप लागते. परवा कंडक्टरने उठवलं, तेव्हा आपला स्टँड मागे पडला होता. पुढच्या फाट्यावरून चालत आले.

मग पायलला म्हटलं, कर बाई तुझं जँगो, निदान एका मार्गावर करून दाखव. तिने राळेगाव घेतलं. आणि गंमत झाली. तुला आठवतंच असेल, हे सगळं सुरू कसं झालं ते. राळेगावच्या स्टँडवर फुटाणे विकणाऱ्या लालीबाईला तू मोबाइलवर गाडीची वेळ टाइप करायला शिकवत होतास. ती वैतागून म्हणाली, "मले लिवाचं नको सांगू बापू, घंटी माराचं सांग." तिथून आपली पद्धत ठरली. गाडी लागली की एक मिसकॉल, सुटली की लागोपाठ दोन. मारेगावला झेरॉक्सवाला उत्तमसिंगही तसाच घंट्या मारू लागला आणि आपली साइट नुसत्या मिसकॉलवर उभी राहिली. आता नव्या पोरीला हे कुठून माहीत! एकाच नंबरावरून लगेच दुसरा कॉल आला तर तो चुकून लागला असेल, असं धरून तिने तो गाळून टाकला. झालं. लालीबाई दोन घंट्या मारतेय आणि साइटवर गाडी आपली फलाटावर उभीच. सुटायचं नावच नाही. कॉलेजच्या पोरी साइट बघून निवांत आल्या आणि रिकाम्या फलाटाकडे बघत राहिल्या. लालीबाईने शेवटी ऑफिसला खराखुरा फोन केला आणि पायलला जे ऐकवलं ते मी लिहीत नाही. पायलने पुढच्याच दिवशी ते दुरुस्त केलं. वाद घातला नाही, तोंड पाडलं नाही. मला ते आवडलं.

तरी माझं ठरत नव्हतं. खरं कारण तुझ्या त्या कोडात नव्हतं रे. तू पुण्याला गेलास तेव्हा सर्व्हरमध्ये शिरायची तुझी चावी मी तशीच राहू दिली. साइट आजारी पडली की तू रविवारी गुपचूप आत येऊन तिला बरी करून जायचास. सांगायचा नाहीस. मी विचारायची नाही. तुमच्या कंपनीत मोबाइलसुद्धा बाहेर ठेवावा लागतो, त्यामुळे मधल्या वारी काही बिघडलं तर रविवारपर्यंत लोकांच्या शिव्या खायच्या, हे मी गृहीतच धरलं होतं. मला त्याचंही बरं वाटायचं. वाटायचं, भाऊ लांब गेलाय, पण आठवड्याला एकदा घरात डोकावून जातो.

दिवाळीनंतर हे बदललं. साइट ऐन मंगळवारी पडते आणि मी डब्याचं झाकण लावून लॅपटॉपशी येईपर्यंत उठून उभी असते. बुधवारी पडते, तशीच उठते. भर दुपारी. पायलला वाटलं मी केलं, मला वाटलं पायलने केलं. दोघींनीही केलं नव्हतं, म्हणजे तूच. आधी आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मग एकेक आठवायला लागलं. तू मॅनेजरला शिव्या देणं बंद केलंस. आधी अर्धा फोन त्यातच जायचा. व्हिडिओ कॉलवर दर वेळी तीच खोलीची भिंत, तोच खिळा. आईने विचारलं, आज सुट्टी का रे, तर म्हणालास, हो, आज जरा लवकर आलो. आई भोळी नाहीये धम्मा. ती त्यानंतर बराच वेळ भाजी निवडत होती, निवडलेलीच पुन्हा.

तर तुझी नोकरी गेलीय. मी विचारत नाहीये. कुणाकडून काढून घेतलेलंही नाही, तुझ्या मित्रांना फोन केला नाही. इतकी माणसं घरी बसवतायत, रोज वाचतो आपण. त्यात लाजण्यासारखं काय आहे? पण तू एकटा त्या खोलीत बसून, जेवलास की नाही कोण जाणे, राळेगावची गाडी सुटली की नाही ते बघत बसतोस, हे मनात आलं की माझा हात कामाला लागत नाही. बाबा गेले तेव्हाही तू असाच एकटा बसून घरातले सगळे पंखे खोलून साफ केले होतेस.

लारावेलच वर चढवत राहिले तर तुझी ती दुपारची कामगिरी अजून वर्षभर चालेल. मला फुकटचा माणूस मिळेल आणि तुला घरी न येण्याचं निमित्त. म्हणून मी जँगो घेतेय. कोड चांगला की वाईट, याचा फार विचार आता करवत नाही. पायलला कळतो आणि तिला रोज समोर बसून विचारता येतं, एवढं मला पुरे आहे.

आता हे पत्र कशासाठी, ते. सोमवारी सकाळी जुना सर्व्हर कायमचा बंद होतोय. दुपारी तू नेहमीसारखा आत शिरायला जाशील आणि तुझी चावी लागणार नाही. त्या खोलीत बसून तुझ्या मनात पहिलं काय येईल ते मला माहीत आहे. कंपनीने काढलं, आता ताईनेही काढलं. तसं नाहीये रे, राजा. तसं वाटायच्या आत हे तुझ्या हातात पडावं म्हणून एवढं लिहिलं. खोली सोड आणि घरी ये. दुसरी नोकरी शोधायची तर इथून शोध, नाही तर माझ्यासोबत ऑफिसात बस. जँगो मात्र तुला पायलकडून शिकावं लागेल आणि ती सोडणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. आईला मी काही सांगितलेलं नाही, ते तू येऊन सांग. ती आधी तुला जेवायला वाढेल आणि मग ऐकेल.

वाट बघणारी, तुझीच
मैत्रेयीताई